मांडके नोंद करतात

मांडके सिंगापूर सोडून कायमचे पुण्याला परत गेले, तेव्हा आमच्या मराठी मंडळाने निरोपाची एक पुस्तिका काढली. चिटणीसांचा मला फोन आला. "तुम्ही आफ्रिकेला त्यांच्याबरोबर होतात ना, त्यावर तीनशे शब्द द्या. जरा गमतीशीर." मी नाही म्हटलं. मला जे लिहायचं होतं ते त्यांनी छापलं नसतं, आणि त्यांना जे हवं होतं ते माझ्याच्याने लिहवलं नसतं. बोट्स्वानाच्या जंगलात, सहा तंबूंच्या एका कॅम्पवर, लेसेडी नावाच्या बाईचं गाइड होणं या गृहस्थांमुळे बुडायला आलं होतं. त्यात गमतीचा भाग आहे, नाही असं नाही. पण तो पुस्तिकेत शोभला नसता.

सुधीर मांडके एका बँकेत रिस्क विभागात होते. मरीन परेडला समुद्राच्या बाजूचा काँडो, ताठ मान, कडक इस्त्री आणि कमरेच्या पट्ट्याला फोनचं चामडी पाकीट. हे पाकीट महत्त्वाचं. बसच्या ड्रायव्हरने दार दोन सेकंद आधी मिटलं, लिफ्टमध्ये कोणी ओली छत्री झटकली, हॉकर सेंटरमध्ये खाऊन झाल्यावर कोणी ट्रे टेबलावरच सोडून उठलं, की मांडक्यांचा हात पाकिटाकडे जायचा आणि फोटो निघायचा. मग घरी बसून ते संबंधित कार्यालयाला पत्र पाठवायचे. पत्रातल्या परिच्छेदांना आकडे, आणि आकड्यांच्या पोटात अ, ब, क. फोनमध्ये 'निरीक्षणे' नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात लिफ्ट, बस, शेजारी, मंडळ अशी आणखी फोल्डरं होती. त्यातलं एक माझ्या नावाचं असावं अशी मला दाट शंका होती.

"मी तक्रार करत नाही," ते म्हणायचे. "मी फक्त नोंद करतो." हे म्हणताना ते डोळे मिटून घ्यायचे आणि समोरच्याने 'हो' म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत.

आम्ही बेडोकला एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये राहतो. शेजारी सत्तरीची एक मलाय बाई राहते. सगळे तिला माकचिक म्हणतात, म्हणजे आपल्याकडची मावशीच. तिच्या दारासमोर कॉरिडॉरमध्ये कुंड्यांची रांग होती: पांदान, गवती चहा, मिरच्या आणि एका निळ्या बादलीत कढीपत्ता. मला तो मागावा लागत नसे. दर शनिवारी एक डहाळी आमच्या ग्रिलमध्ये खोचलेली असायची.

मांडके आमच्याकडे गणपतीच्या दर्शनाला आले. दर्शन घेण्याआधी त्यांनी कॉरिडॉरमध्ये वाकून भिंत ते कुंडी हे अंतर वितीने मोजलं.

"इथून स्ट्रेचर जाणार नाही," ते म्हणाले.

"कोणाला न्यायचंय स्ट्रेचरवरून?" माझा नवरा हेमंत म्हणाला.

"प्रश्न तो नाही, हेमंतराव. नियम म्हणजे नियम." मग आत येऊन त्यांनी तुपाची धार धरून चार मोदक खाल्ले.

दहा-बारा दिवसांनी कुंड्यांवर नोटिसा लागल्या. माझी मुलगी रेवा नोटीस वाचून म्हणाली, "आई, दॅट अंकल लाह. हू एल्स?" माकचिकचा मुलगा चोआ चू कांगहून आला आणि सगळ्या कुंड्या टॅक्सीत घालून घेऊन गेला. निळी बादली तेवढी राहिली, रिकामी. मी मांडक्यांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मी तक्रार केली नाही. नोंद केली." मी म्हटलं, "बरं." हे माझं 'बरं' लक्षात ठेवा, कारण पुढे आणखी एकदा मी जवळजवळ तेच केलं.

मंडळातही त्यांचं हेच चालायचं. ते स्वतः कार्यकारिणीवर होते, आणि ढोल-पथकाच्या सरावाचा आवाज फार होतो असं निनावी पत्र हॉलच्या व्यवस्थापनाला गेलं तेही त्यांचंच होतं. निनावी पत्रात परिच्छेदांना आकडे होते आणि आकड्यांच्या पोटात अ, ब, क. सभेत ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा मांडकेच सगळ्यात मोठ्याने म्हणाले, "कोण असेल हा नतद्रष्ट?" आम्ही पंचवीस माणसं चहाच्या कपांकडे बघत बसलो. त्यांना तोंडावर कोणी काही म्हणायचं नाही. ते भांडकुदळ नव्हते, उलट नम्र होते. नम्र माणसाशी भांडायला आपल्या लोकांना जमत नाही.

आफ्रिकेची सहल त्यांनीच आखली. मांडके आणि उज्ज्वलाताई, आम्ही दोघं, आणि आयटीतले देव नवरा-बायको, अशी सहा माणसं. छोट्या विमानात कमी सामान चालतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला काँडोच्या लॉबीत बोलावलं आणि हुकाच्या वजनकाट्यावर एकेक बॅग टांगली. आमची बॅग भरली जास्त. त्यांनी स्वतः चेन उघडून हेमंतच्या बाकरवडीची दोन पाकिटं बाहेर काढली आणि वॉचमनच्या टेबलावर ठेवली.

"आफ्रिकेत फराळ न्यायला चाललोय का आपण?" ते म्हणाले. "कॅम्पच्या सूचना वाचल्या नाहीत वाटतं. तंबूत खाद्यपदार्थ नेण्यास सक्त मनाई."

उज्ज्वलाताई तेव्हा मागे उभ्या होत्या. त्या भिंतीवरच्या पोहण्याच्या तलावाच्या वेळा वाचत होत्या. हे वाचन कशासाठी होतं ते मला पुढे कळलं.

कॅम्प म्हणजे कोरड्या नदीच्या काठावर सहा तंबू, मध्ये एक लाकडी ओटा, त्यावर जेवणाचं लांब टेबल, आणि सगळीकडे नुसतं जंगल. कुंपण नाही. नदीच्या पात्रातून हत्ती जायचे आणि आपण चहा पीत बघायचं. पहिल्या दुपारी लेसेडीने आम्हाला तंबू दाखवले. माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. तंबूंची सगळी व्यवस्था तिच्याकडे: अंथरुणं, अंघोळीच्या बादलीचं गरम पाणी, सफाई. तिकडे बाईमाणसाला 'म्मा' म्हणतात, म्हणून ती आम्हाला म्मा आणि आम्ही तिला म्मा लेसेडी.

तिने दाराच्या झिपची दोन्ही टोकं एकत्र आणून त्यात एक पितळी कडी अडकवली. "बबूनला झिप उघडता येते. ही कडी उघडता येत नाही. अजून तरी." मग तिने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "खायचं काही असेल तर आत्ता मला द्या. स्वयंपाकघरात पत्र्याची पेटी आहे, त्यात राहील. बिस्किटसुद्धा नको. बबूनला एकदा तंबूत खायला मिळालं की तो रोज येतो."

देव बाईंनी खाकऱ्याचं पाकीट दिलं. मी खडीसाखर दिली. मांडके म्हणाले, "आमच्याकडे काही नाही. आम्ही सूचना वाचून आलोय." आणि त्यांनी त्या कडीचा फोटो काढला.

पुढचे दोन दिवस नोंदीत गेले. पाणी सहाऐवजी सहा वाजून दहा मिनिटांनी आलं. उशीच्या अभ्र्याला टाका निघालेला. गाइडने सिंहीण दाखवली, पण 'बहुतेक त्या झुडपाआड' असं म्हणाला. मांडक्यांच्या मते व्यावसायिक माणसाने 'बहुतेक' म्हणू नये. लेसेडीला ते दर वेळी आधी नाव विचारायचे, ठाऊक असूनही, आणि फोनमध्ये टाइप करायचे. ती शांतपणे एकेक अक्षर सांगायची.

मला ती बाई आवडली, कारण ती कामाचं बोलायची. पाणी ओतता ओतता तिने मला सांगितलं की अकरा वर्षं ती अंथरुणं घालते आहे, आणि आता तिला गाइडची परीक्षा द्यायची आहे. तिच्या एप्रनच्या खिशात पक्ष्यांचं एक फाटकं पुस्तक होतं. परीक्षेला बसायला मॅनेजरचं शिफारसपत्र लागतं, आणि पत्रासाठी वर्षभरात कामाबद्दल एकही लेखी ठपका नको. दोन महिने उरले होते. "मग तुमच्यासारख्यांना गाडीतून मी फिरवणार, म्मा," ती म्हणाली. "आणि मी 'बहुतेक' म्हणणार नाही." म्हणजे तिने ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला आम्ही सगळे ओट्यावर चहाला बसलो होतो. मांडके पाच मिनिटं उशिरा आले, मिशी पुसत. थोड्या वेळाने त्यांच्या तंबूकडून कापड फाटल्यासारखा आवाज झाला. मॅनेजर धावला. दार सताड उघडं, मच्छरदाणी लोंबत होती, मांडक्यांचे इस्त्रीचे शर्ट मातीत पसरले होते. दोन बबून झाडावर चढले. तिसरा, सगळ्यात मोठा, ओट्यापासून वीस पावलांवर पडलेल्या ओंडक्यावर येऊन बसला. त्याच्या मांडीत कॅमेऱ्याच्या लेन्सची पिशवी होती. त्याने ती उघडली, एक तपकिरी गोळा काढला, दोन्ही हातांनी मधोमध फोडला, वास घेतला आणि खाऊ लागला. अगदी सावकाश. मध्येच दातात काहीतरी अडकलं ते बोटाने काढून त्याने पाहिलं आणि परत तोंडात टाकलं. खारकेचा तुकडा असावा.

त्या ओट्यावर डिंकाचा लाडू ओळखणारी सहा माणसं होती.

"काय खातोय तो?" मॅनेजरने विचारलं.

मांडके उभे राहिले. "तंबूच्या दाराला कडी नव्हती," ते म्हणाले. "तुमच्या या बाई सफाई करून गेल्या आणि कडी लावायला विसरल्या. मी याची नोंद करणार आहे."

"मी कडी लावली होती," लेसेडी म्हणाली. "आणि ते खाणं आमच्या स्वयंपाकघरातलं नाही."

"आमच्या तंबूत खायचं काहीही नव्हतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

मॅनेजरने आमच्याकडे पाहिलं. उज्ज्वलाताई चहाच्या कपात बघत होत्या. देव हळूच मराठीत म्हणाले, "जाऊ दे ना, परक्या लोकांसमोर कशाला." हेमंतने टेबलाखाली माझा हात दाबला. आपल्या माणसाला परक्यांपुढे उघडं पाडायचं नाही, हा आमचा कायदा. तो कोणी लिहिलेला नाही, पण सातासमुद्रापार बॅगेतून बिनवजनाचा येतो. तोवर बबून पसार झाला होता. लेसेडीने ओंडक्याजवळ पडलेला अर्धा लाडू उचलला, कागदी रुमालावर ठेवला आणि थेट माझ्यासमोर आणला.

"म्मा, हे काय आहे?"

मी पंचवीस वर्षं ऑडिटचं काम करते. माझ्यासमोर ठेवलेली वस्तू काय आहे हे न ओळखण्याचा मला पगार मिळत नाही. मी म्हटलं, "काहीतरी गोड दिसतंय."

तिने माझ्याकडे एक क्षण पाहिलं. मग रुमालाची घडी करून खिशात पक्ष्यांच्या पुस्तकाशेजारी ठेवली आणि मांडक्यांचे शर्ट गोळा करायला निघून गेली. उरलेले दोन दिवस पाणी ठीक सहाला येत होतं. माझ्याशी ती एक शब्दही बोलली नाही.

सिंगापूरला परतल्यावर तीन आठवड्यांनी आम्हा सगळ्यांना कॅम्पच्या मॅनेजरचं पत्र आलं. मांडक्यांनी अकरा मुद्द्यांची लेखी तक्रार केली होती, त्यात सातव्या मुद्द्याचा 'ब' म्हणजे लेसेडीचा निष्काळजीपणा. मॅनेजरने सरळ विचारलं होतं: तक्रार खरी असेल तर मला तिचं शिफारसपत्र थांबवावं लागेल. तुमच्यापैकी कोणाला काही आठवत असेल तर कळवा.

त्याच संध्याकाळी मांडक्यांचा फोन. रविवारी चारला घरी या, उत्तर एकच जायला हवं. गेलो. दिवाणखान्याच्या काचेतून समुद्रावर उभी जहाजं दिसत होती, आणि टेबलावर सहा प्रती छापून तयार होत्या.

"फक्त सही करायची," मांडके म्हणाले. "आम्ही सहाही जण या निरीक्षणाशी सहमत आहोत. बस."

"पण तिचं पत्र थांबेल ना त्याने," मी म्हटलं.

"वहिनी, भावनेचा प्रश्न नाही. उद्या ती गाइड होणार, लोकांचे जीव तिच्या हातात. जी बाई एक कडी नीट लावू शकत नाही—"

"तिने लावली होती," आतून आवाज आला. उज्ज्वलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात ताटली. वीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांना नवऱ्याचं वाक्य तोडताना पाहिलं नव्हतं. त्या आल्या आणि ताटली सहा प्रतींच्या बरोबर वर ठेवली. डिंकाचे लाडू. "घ्या," त्या म्हणाल्या. "त्या बबूनला आवडले होते."

"उज्ज्वला!"

"लेन्सच्या पिशवीत तुम्हीच भरून घेतलेत. गुडघ्यांसाठी म्हणालात. चहाच्या आधी लाडू खायला तुम्हीच तंबूत गेलात आणि कडी तशीच लोंबत ठेवून आलात. मी पाहिलं. इतके दिवस बोलले नाही." मग देवांकडे वळून म्हणाल्या, "घ्या ना भाऊजी. इथे परकं कोणी नाही."

देवांनी घाईघाईने एक लाडू उचलून तोंडात कोंबला, म्हणजे बोलायला नको. मांडक्यांनी डोळे मिटले. आम्ही कोणीच 'हो' म्हटलं नाही, त्यामुळे ते बराच वेळ मिटलेलेच राहिले. शेवटी उघडून म्हणाले, "हा घरातला प्रश्न आहे. तो बाहेर न्यायची गरज नाही."

मी एक लाडू मधोमध फोडला. खारीक, खोबरं, डिंक सगळं नीट दिसेल असा ताटलीत ठेवला, फोन काढला आणि फोटो घेतला.

"हे काय करताय वहिनी?"

"नोंद," मी म्हटलं.

घरी जाताना बसमध्ये हेमंत म्हणाला, "आता मंडळात तोंड कसं दाखवायचं?" मी म्हटलं, तू नको दाखवूस, मी दाखवीन. बेडोकला पोचायच्या आत मी मॅनेजरला पत्र पाठवलं होतं. परिच्छेद एकच. हा पदार्थ आमच्याकडचा आहे, आमच्यातल्याच एका पाहुण्याने तो तंबूत लपवला होता, कडी त्यानेच उघडी टाकली, आणि मला हे त्या दिवशी त्या क्षणी ठाऊक होतं. सोबत फोटो. खाली माझं नाव. अर्ध्या तासाने कळलं की उज्ज्वलाताईंनीही एक पत्र पाठवलं होतं, माझ्या आधी. त्यात लाडवांची कृतीसुद्धा होती, मॅनेजरला शंका राहू नये म्हणून.

शिफारसपत्र मिळालं. पुढच्या वर्षी एक फोटो आला: लेसेडी खाकी शर्टात, उघड्या जीपच्या स्टिअरिंगवर. खाली दोनच ओळी. "म्मा, आता मी चालवते. तो मोठा बबून अजून तुमच्या मित्राच्या तंबूभोवती फिरतो, त्याला काठीने हाकलायला एक माणूस ठेवावा लागलाय." माझ्या 'काहीतरी गोड' बद्दल तिने काही लिहिलं नव्हतं. माफ केलं असंही लिहिलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

मांडक्यांनी आमच्याकडे येणं सोडलं. मंडळात मात्र त्यांनी 'आफ्रिका: काही निरीक्षणे' असा कार्यक्रम केला, पडद्यावर चित्रं दाखवून. बबूनचंही दाखवलं. फक्त मानेपर्यंत. लाडू धरलेले हात फोटोतून कापले होते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांनी पुण्याला जायच्या आठवडाभर आधी, भर दुपारी, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत. डबा अर्धा रिकामा होता. ते एकटेच कोपऱ्यातल्या सीटवर बसले होते. डोक्यावर खाण्यापिण्यास मनाई असल्याची पाटी, लाल वर्तुळात, दंडाच्या रकमेसकट. मांडक्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पिशवीत हात घातला, आतल्या आतच काहीतरी फोडलं, आणि खोकला आल्यासारखी मूठ तोंडापाशी नेली. जबडा हळूहळू हलू लागला. मग समोर उभी असलेली मी त्यांना दिसले. माझ्या हातात फोन होता. जबडा थांबला.

गिळता येईना, थुंकता येईना, असे ते माझ्या फोनकडे बघत राहिले. माझं स्टेशन आलं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि उतरले. नोंद करावी असं त्यात नवीन काही नव्हतं. एवढंच वाटलं, की त्या बबूनने ओंडक्यावर बसून लाडू खाल्ला, पण आजूबाजूला कोणी बघतंय का, हे एकदाही पाहिलं नव्हतं.